साउथ फिलीत जुने व्हा! (नवशिक्यांसाठी)

ही मार्गदर्शिका साउथ फिलाडेल्फियाच्या इटालियन वस्तीत नव्याने राहायला आलेल्यांसाठी आहे. तुम्हाला लवकरात लवकर जुनं करून सोडणं हा तिचा हेतू. इथे नुसतं चांगला शेजारी असून भागत नाही, जुना शेजारी असावं लागतं. नैसर्गिक पद्धतीने जुनं व्हायला साधारण तीन पिढ्या जातात. ज्यांच्याकडे तेवढा वेळ नाही त्यांनी खालच्या सूचना क्रमाने पाळाव्यात. क्रम चुकला तरी बिघडत नाही, कारण इथलं कुठलंच काम क्रमाने होत नाही.

आधी उच्चार. ‘साउथ फिलाडेल्फिया’ हे पूर्ण नाव पाकिटावर लिहायचं, तोंडाने ‘साउथ फिली’ म्हणायचं. वस्तीतून तिरपा जाणारा एक हमरस्ता आहे. त्याचं स्पेलिंग वाचून ‘पासयुंक’ म्हणावंसं वाटेल, पण त्याला ‘पॅशंक’ म्हणतात. हा रस्ता इटालियनांनी आखला नाही की इंग्रजांनीही नाही. तो लेनापी आदिवासींच्या जुन्या पायवाटेवरून गेला आहे, म्हणून शहराच्या काटकोनी गल्ल्यांना न जुमानता तो तिरका चालतो. म्हणजे खरे जुने कोण, हा प्रश्न पहिल्याच वळणावर उभा राहतो. तो तूर्त सोडून द्या. वस्तीतल्या सगळ्यांनी केव्हाच सोडून दिलाय.

इतिहास, ठामपणे सांगण्यापुरता

इथे आधी आले ते जेनोआच्या बाजूचे, म्हणजे उत्तर इटलीचे लोक. त्यांच्यासाठी बिशप जॉन न्यूमन यांनी १८५२ साली सेंट मेरी मॅग्डलेन दे पात्सी हे पॅरिश, म्हणजे चर्च आणि त्याच्या भोवतालचा भाविकांचा परिसर, स्थापन केलं. इटालियनांचं अमेरिकेतलं हे पहिलं पॅरिश. त्यानंतर १८८० ते १९२० या काळात चाळीस लाखांहून जास्त इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुतेक दक्षिणेचे: अब्रुत्सो, कंपानिया, कलाब्रिया, सिसिली. १९२४च्या स्थलांतर कायद्याने ते दार जवळजवळ बंद केलं.

मधल्या काळातली एक तारीख पाठच करा: १८८४. त्या साली अंतोनियो पालुंबो यांनी या भागात इटालियन मजुरांसाठी बोर्डिंग हाउस काढलं. इंग्रजीचा गंध नसलेली माणसं प्रवासात ‘पालुंबो’ एवढा एकच शब्द उच्चारत आणि त्यांना बरोबर इथे आणून सोडलं जाई, अशी गोष्ट वस्तीत सांगतात. नाइंथ स्ट्रीटचा बाजार या वस्तीच्या पोटापाण्यासाठी उभा राहिला. (त्याच वर्षी, त्याच शहरात, कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वुमन्स मेडिकल कॉलेजात शिकत होत्या. १८८६च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. त्यांचा पालुंबोंच्या पाहुण्यांशी काही संबंध येण्याचं कारण नव्हतं. तरी ‘आम्ही मराठी माणसं पालुंबोंच्या वेळेपासून इथे आहोत’ असं म्हणायला तुम्हाला हरकत नाही. याहून लांबच्या नात्यावर इथे लोक हक्क सांगतात.)

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा, ती सांगितली तर समोरचा माणूस थोडा वेळ गप्प बसतो. बोटीत चढताना यांतला क्वचितच कोणी स्वतःला इटालियन म्हणवत असेल. इटली एक देश झाला तोच १८६१ साली. माणूस आपल्या गावचा असे, फार तर प्रांताचा. पलीकडच्या प्रांताची बोली त्याला कळत नसे आणि तिथला माणूस त्याला पटत नसे. सगळ्यांना सरसकट एकच शिवी देणारे अमेरिकन भेटले तेव्हा कुठे ते इटालियन झाले. मराठी वाचकाला हे फोड करून सांगायला नको. न्यू जर्सीत सामान उतरवेपर्यंत आपणही पुणेकर, नागपूरकर आणि कोल्हापूरकर असतो, ‘इंडियन’ नंतर होतो.

पहिली पायरी: पायरी

घर चौदा-सोळा फूट रुंद असेल. डावीकडची भिंत डावीकडच्यांची, उजवीकडची उजवीकडच्यांची, आणि मध्ये तुम्ही. समोर अंगण नाही. दार उघडलं की दोन-तीन पायऱ्या, त्याखाली थेट फूटपाथ. फूटपाथला इथे ‘पेव्हमेंट’ म्हणतात. दुसरं काही म्हणालात तर तुम्ही बाहेरगावचे ठरता.

या पायऱ्या म्हणजे तुमची समाजातली पत. जुन्या घरांच्या पायऱ्या संगमरवरी असतात. त्या घासायच्या, पेव्हमेंट झाडून धुवायचं, आणि हे सगळं सकाळी, लोकांच्या डोळ्यांदेखत करायचं. रात्री गुपचूप धुतलेली पायरी जमेस धरत नाहीत. उन्हाळ्यात संध्याकाळी पायरीवर बसायचं, गुडघे कुरकुरत असतील तर घडीची खुर्ची घेऊन पेव्हमेंटवर. हातात पुस्तक नको. पुस्तक घेऊन बसलेला माणूस लोकांना टाळतोय असा समज होतो. बसण्याचं काम म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची नोंद ठेवणं. कोणाकडे प्लंबर आला, कोणाचा मुलगा कोणत्या मोटारीतून उतरला, पोस्टमन आज नवा का, यावर लक्ष हवं. या वस्तीत सुरक्षा कॅमेरे कंपन्यांनी बनवायच्या कितीतरी आधीपासून होते आणि ते लिंबाचं वॉटर आइस खात.

पुढच्या खोलीची खिडकी ही तुमची नाही, गल्लीची आहे. तिच्यात सणांप्रमाणे आरास करायची. ईस्टरला ससे, ऑक्टोबरात भोपळे, डिसेंबरात येशूजन्माचा देखावा, आणि मधल्या सुन्या महिन्यांत मेरीमातेची मूर्ती किंवा चिनी मातीची कुत्री. खिडकीत फक्त एक मनीप्लांट ठेवलात तर शेजारी समजतील की घर भाड्याने दिलंय.

घरात दोन स्वयंपाकघरं असतील तर गोंधळू नका. वरचं चकचकीत आहे, ते बघण्यासाठी. तळघरातलं जुन्या शेगडीचं, तेलकट भिंतीचं, ते खरं. तळणं, मासे, टोमॅटोच्या बाटल्या भरणं हे सगळं खाली चालतं. वरच्या ओट्यावर कोणी कांदा चिरताना दिसला तर तो पाहुणा असतो किंवा नवी सून. बैठकीतल्या सोफ्याला प्लास्टिकचं आवरण दिसलं तर त्यावर बसताना आवाज होऊ देऊ नये. तसं बसणं सरावाने जमतं.

खुर्ची

हा विषय नीट समजून घ्या, कारण आजपर्यंत वस्तीतल्या मैत्र्या धर्मावरून किंवा राजकारणावरून तुटल्या असतील त्याहून जास्त यावरून तुटल्या असाव्यात.

गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या आहेत, गॅरेज जवळजवळ कोणाकडेच नाही आणि मोटारी घरटी दोन. बर्फ पडल्यावर फावड्याने खणून ज्याने मोटारीची जागा मोकळी केली, त्याचा त्या जागेवर हक्क निर्माण होतो. हा हक्क बजावण्यासाठी मोटार बाहेर काढताना जागेवर खुर्ची ठेवतात. कायद्यात हा हक्क कुठेही नाही. उलट फिलाडेल्फियाचे पोलीस हिवाळ्यात ‘नो सेव्हसीज’ अशी जाहीर तंबी देतात: रस्ता सगळ्यांचा आहे, जागा अडवू नका. लोक ती तंबी वाचतात आणि खुर्ची बाहेर काढतात.

खुर्ची निवडताना ती मोडकी पण ओळखू येणारी असावी. चांगली खुर्ची ठेवली तर चोरीला जाते, आणि कोणाची ते कळत नसेल तर धाक राहत नाही. नारंगी ट्रॅफिक कोन चालतो, पण तो कुठून आणला ते कोणी विचारू नये असा असतो. इस्त्रीचं टेबल, कपड्यांची टोपली, इतकंच काय नाताळातला प्लास्टिकचा मेंढपाळही जागा राखताना दिसेल. दुसऱ्याची खुर्ची हलवायची नाही. हलवलीत तर काही घडणार नाही. निदान कोणी काही पाहिलेलं नसेल. पायरीवर चोवीस तास पहारा देणारी गल्ली नेमकी त्या रात्री लवकर झोपलेली असते.

ब्रॉड स्ट्रीटचा कायदा याहून थोर आहे. शहराच्या या मुख्य रस्त्याच्या दक्षिण भागात, दोन्ही दिशांच्या वाहतुकीच्या बरोबर मधल्या पट्ट्यात, लोक मोटारी उभ्या करतात. हे बेकायदा आहे हे त्यांना माहीत आहे, पोलिसांना माहीत आहे आणि पार्किंग खात्यालाही माहीत आहे. दंडाची पावती मात्र कोणी फाडत नाही, कारण तसं केलं तर निवडणुकीत कोणी तोंड दाखवू शकणार नाही. जुलै २०१६मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन याच रस्त्याच्या टोकाला भरलं. तेव्हा पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून तो पट्टा रिकामा करायला लावला होता. अधिवेशन संपलं, प्रतिनिधी विमानात बसले, आणि मोटारी माहेरी परत आल्या. तुम्ही तिथे मोटार लावावी का? पहिली काही वर्षं नको. बेकायदा वागण्यासाठीही इथे ज्येष्ठता लागते.

रविवार

टोमॅटोच्या लाल रश्शाला इथे ‘ग्रेव्ही’ म्हणतात. ती सकाळी चर्चला जाण्याआधी चुलीवर चढते. मीटबॉल, सॉसेज, आणि ब्राजोल म्हणजे आत लसूण-चीज भरून दोऱ्याने बांधलेली गोमांसाची वळकटी, हे सगळं त्यात तासन् तास शिजतं. जेवण दुपारी एक-दोनला. त्याआधी घरात शिरणारा प्रत्येकजण पावाचा तुकडा तोडून भांड्यात बुडवतो. हा तुकडा मागायचा नसतो, घ्यायचा असतो. पाव सार्कोनचा, १९१८ सालापासूनची बेकरी आहे. उशिरा गेलात तर संपलेला असतो, आणि ‘संपला’ हे ऐकून परत येणाऱ्या माणसाला घरचे ज्या नजरेने पाहतात ती नजर मार्गदर्शिकेत उतरवता येत नाही.

ग्रेव्हीत साखर घालावी का, यावर मत देऊ नका. तुमचं मत कोणाच्या तरी आईच्या विरुद्ध जाणारच.

नाताळच्या आदल्या रात्री मांस वर्ज्य, म्हणून मासे. रीत सात प्रकारांची. खारवून सुकवलेला कॉड, ज्याला बाकाला म्हणतात, तो दोन-तीन दिवस पाणी बदलत भिजवावा लागतो. स्मेल्ट तळायचे, कालमारी, कोळंबी, शिंपल्या करायच्या. सातच का, याची सात उत्तरं मिळतील. कोकणातल्या वाचकांना या एका रात्री इथे काहीच शिकवावं लागत नाही. फार तर त्यांनी ‘आमच्याकडे तिखट घालतात’ हे वाक्य आवरावं.

बाजारात कसं वागावं

नाइंथ स्ट्रीटवर फिट्झवॉटरपासून व्हार्टनपर्यंत दुकानं आणि त्यांच्यापुढे रस्त्याच्या कडेने भाजीफळांचे गाळे आहेत, वर पत्र्याची आणि ताडपत्रीची छपरं. थंडीत लोखंडी पिंपात लाकडं पेटवून विक्रेते शेकत उभे असतात. टोमॅटोला हात लावू नका. विक्रेता निवडून देईल तेच घ्या. पिशवीच्या तळाशी एक नासका निघेल, त्याबद्दल घरी जाऊन तक्रार करा. त्याच्याकडे परत जाऊन केलीत तर पुढच्या वेळी दोन निघतील.

डी ब्रुनोंच्या चीजच्या दुकानात (१९३९) छतापासून प्रोव्होलोनेचे सोटे लटकलेले असतात आणि काउंटरवरचा माणूस चव बघायला तुकडे देत राहतो. चार तुकडे खाऊन काही न घेता निघणं शक्य आहे, फक्त ते कोणाला जमल्याचं ऐकिवात नाही. कानोलीसाठी दोन पक्ष आहेत: इस्ग्रो (१९०४) आणि तेर्मिनी (१९२१). एक निवडा आणि दुसऱ्याची कीव करा. कानोलीत सारण मागितल्यावर भरतात. आधीच भरून ठेवलेली दिसली तर तुम्ही विमानतळावर आहात.

चित्रपटाची आवड असणाऱ्यांसाठी एक सूचना. ‘रॉकी’मध्ये (१९७६) सिल्व्हेस्टर स्टॅलोन या बाजारातून धावतो आणि एक विक्रेता त्याच्याकडे संत्रं फेकतो. ते संत्रं पटकथेत नव्हतं म्हणतात. त्या माणसाने आपलं धावणाऱ्याला संत्रं दिलं. मात्र हा प्रसंग फार कौतुकाने सांगू नका. रॉकी राहतो केन्सिंग्टनला, शहराच्या पार दुसऱ्या बाजूला. तिथून इथे धावत येऊन परत जाणारा माणूस मुष्टियुद्धात पडायच्या आधी दमून पडेल. हे वाक्य नाक वर करून म्हणता आलं की तुम्ही निम्मे जुने झालात.

नाइंथ आणि पॅशंकच्या चौकात समोरासमोर चीजस्टेकची दोन दुकानं आहेत. पॅट ऑलिव्हिएरी यांनी १९३० साली पावात मांसाचे काप घालून हा पदार्थ काढला, चीज त्यात नंतर आलं. समोरचं ‘जीनोज’ जोई व्हेंटो यांनी १९६६ साली उघडलं. ऑर्डर तीन शब्दांत द्यायची: ‘वन व्हिझ विट’. म्हणजे एक, पातळ पिवळं चीज घालून, कांद्यासकट. ‘प्लीज’ म्हणालात की मागची रांग उसासा टाकते. खुद्द वस्तीतले लोक मात्र पर्यटकांच्या या चौकात फारसे दिसत नाहीत. ते डुकराच्या भाजलेल्या मांसाचं सँडविच खातात, त्यात कडवट ब्रोकोली राब आणि झणझणीत जुनं प्रोव्होलोने. माझं मत विचाराल तर ते बरोबर आहेत.

तुम्ही कोणत्या पॅरिशचे?

हा प्रश्न धर्माचा नाही, पत्त्याचा आहे. जुना माणूस आपला पत्ता दोन रस्त्यांच्या छेदाने सांगतो, ‘नाइंथ अँड क्रिश्चन’, किंवा मग पॅरिशच्या नावाने. हिंदू असलात तरी जवळच्या चर्चचं नाव पाठ असू द्या.

थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची रीत असल्यामुळे एका आजोबांचे पाच नातू एकाच नावाचे निघतात. म्हणून टोपणनावं. ती शरीरावरून, धंद्यावरून किंवा १९६२ साली शाळेत घडलेल्या एखाद्या प्रसंगावरून पडतात आणि मरेपर्यंत चिकटतात. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना मात्र नुसत्या नावाने हाक मारायची नाही. नावाआधी ‘मिस’ लावायचं, आणि त्यांनी तुम्हाला तीनदा जेवू घातलं की ‘आन्ट’. नात्याचा दाखला कोणी मागत नाही.

गायक हा इथला जोडधंदा समजा. मारिओ लान्झा १९२१ साली क्रिश्चन स्ट्रीटवर जन्मले. फ्रँकी अव्हॅलॉन, फेबियन, बॉबी रायडेल हे सगळे याच गल्ल्यांतले. ‘ट्विस्ट’वाला चबी चेकर इटालियन नव्हे, पण तोही इथेच वाढला आणि नाइंथ स्ट्रीटवर कोंबड्यांच्या दुकानात कामाला होता. कोणीही भेटला तरी त्याचे काका यांपैकी एकाबरोबर शाळेत होते. मान डोलवा.

देव आणि खांब

मे महिन्यात बाजाराचा उत्सव असतो. संतांच्या मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक निघते आणि लोक मूर्तीच्या फितींना डॉलरच्या नोटा टाचतात. नोट टाचताना ती केवढ्याची आहे हे मागच्याला दिसेल अशी धरावी.

मिरवणुकीनंतरचं खरं आकर्षण म्हणजे खांब. उंच खांबाला डुकराची चरबी फासतात, वर प्रोव्होलोने आणि सलामी टांगतात. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढत, घसरत, पुन्हा चढत ते ओरबाडून खाली आणतात. दहीहंडी पाहिलेल्याला आणखी काही सांगायला नको, फक्त इथे थर घसरतात ते दह्याने नव्हे. मधली कित्येक वर्षं हा खेळ बंद होता, २०१६ साली पुन्हा सुरू झाला. दोनच वर्षांनी, जानेवारी २०१८मध्ये, ईगल्स फुटबॉल संघाच्या मोठ्या सामन्याआधी चाहत्यांनी दिव्याच्या खांबांवर चढू नये म्हणून पोलिसांनी खांबांना क्रिस्को नावाचं वनस्पती तूप फासलं. सगळ्या अमेरिकेत हे शहर असं एकच असेल, जिथे तुपाचा खांब बघून लोकांना चढायचंच सुचतं. ते चढलेही.

पेटी

आता जरा गंभीर धडा. ऑरेगॉन अव्हेन्यूवरच्या मार्कोनी प्लाझात कोलंबसचा पुतळा आहे. १८७६च्या शताब्दी प्रदर्शनासाठी इटालियन लोकांनी वर्गणी काढून तो शहराला दिला. शंभर वर्षं तो दुसऱ्या बागेत होता, १९७६ साली इथे आला. २०२०च्या जूनमध्ये वर्णद्वेषविरोधी आंदोलनात देशभर पुतळे पडू लागले तेव्हा वस्तीतले काही लोक दंडुके आणि बंदुका घेऊन त्याच्या पहाऱ्याला उभे राहिले. शहराने पुतळ्याभोवती प्लायवुडची पेटी ठोकली आणि तो हलवायचं ठरवलं. लोक कोर्टात गेले. दोन वर्षांहून जास्त काळ कोलंबस पेटीत होता. लोक पेटीला भेटायला येत, पेटीसमोर भांडत. २०२२च्या ऑक्टोबरात ती पेटी हिरव्या-पांढऱ्या-लाल रंगात रंगवण्यात आली, म्हणजे पुतळा दिसला नाही तरी निदान लाकूड इटालियन असावं. डिसेंबरात कोर्टाच्या हुकमाने पेटी निघाली.

यावर हसणं सोपं आहे, आणि हसावंच. पण जुनं व्हायचं तर कोलंबस इथे आला कसा तेही कळायला हवं. १८९१ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार मारलं. त्यांतले काही खटल्यात निर्दोष सुटलेले होते, काहींवर तर खटलाच चालला नव्हता. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांनी कोलंबसच्या सफरीची चारशे वर्षं देशभर साजरी करायचा जाहीरनामा काढला. इटलीची आणि इथल्या इटालियनांची समजूत काढण्याचाही त्यात भाग होता. ज्यांना माणूस म्हणून मोजत नव्हते त्यांना सांगता आलं की हा देश शोधला तोच आमच्यातल्याने. ढाल म्हणून कोलंबस कामाला आला. ती ढाल ज्या आदिवासींच्या मुडद्यांवरून पुढे गेली त्यांचं काय, हा प्रश्न तेव्हा कोणाच्या फायद्याचा नव्हता. मला विचाराल तर स्मारक त्या अकरा जणांचं हवं होतं. त्यांची नावं मार्कोनी प्लाझाच्या बोच्चेच्या मैदानावर गोळे टाकत बसलेल्यांना विचारून बघा, फारशी कोणाला सांगता येतील असं वाटत नाही.

काय विचारू नये

माफियाबद्दल विचारू नका. चित्रपट बघून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तेच विचारायचं असतं. इथल्या माफियाचे प्रमुख अँजेलो ब्रुनो यांना २१ मार्च १९८० रोजी स्नायडर अव्हेन्यूवर त्यांच्या घरासमोर मोटारीत गोळी घातली, हे वर्तमानपत्रात छापलेलं आहे, तेवढं तुम्हाला माहीत असेल. त्यापलीकडे ज्यांना माहीत आहे ते बोलत नाहीत आणि जे बोलतात त्यांना माहीत नाही.

फ्रँक रिझोंचा विषय तुम्ही काढायचा नाही. तो निघतोच. ते आधी पोलीस आयुक्त, मग १९७२ ते १९८० महापौर, वस्तीतले पहिले ‘आपला माणूस’. १९७९ साली पोलिसी अत्याचारांवरून केंद्राच्या न्याय खात्याने शहरावर आणि त्यांच्यावर दावा लावला होता. नाइंथ स्ट्रीटवर त्यांचं भिंतभर चित्र होतं, ते २०२०च्या जूनमध्ये रंगाखाली गेलं. पायरीवर बसलेली कोणी आन्ट म्हणेल, ‘तेव्हा दारं उघडी ठेवून झोपत होतो.’ तेव्हा ब्रॉड स्ट्रीटपलीकडच्या कृष्णवर्णीय गल्ल्यांत दारं कशी उघडली जायची, हे पलीकडच्या आन्टना विचारावं लागेल. दोघींची पायरी सारखीच स्वच्छ असते.

तक्रार

वरचं सगळं जमलं तरी शेवटचा संस्कार राहतो. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही’ हे वाक्य.

ते म्हणायला वस्तीत सगळ्यांनाच आधार आहे. आयरिश लोकांना इटालियन नको होते. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी आयरिश पाद्र्यांनी इटालियनांना प्रार्थनेसाठी चर्चचं तळघर दाखवलं. पुढे १९७५नंतर व्हिएतनामी आले, त्यांनी वॉशिंग्टन अव्हेन्यूवर बाजार उभे केले, आणि ‘पूर्वीसारखं’ म्हणायची पाळी इटालियनांवर आली. नव्वदच्या दशकापासून मेक्सिकोच्या पुएब्ला राज्यातले लोक येऊ लागले, त्यांतले बरेच पोपोकातेपेत्ल ज्वालामुखीच्या कुशीतल्या सान मातेओ ओसोल्को या एकाच गावचे. पालुंबोंच्या वेळेसारखंच: एक आला, त्याने भाऊ आणला, भावाने गाव आणलं. २००६च्या सुमारास जोई व्हेंटो यांनी चीजस्टेकच्या खिडकीवर इंग्रजीतच ऑर्डर द्या अशी पाटी लावली आणि ती देशभर गाजली. त्यांचे स्वतःचे आजी-आजोबा सिसिलीहून आलेले. २००८ साली शहराच्या मानवी संबंध आयोगाने पाटी भेदभाव ठरत नाही असा निर्णय दिला. व्हेंटो २०११ साली गेले, पाटी २०१६ साली उतरली. आत मांस परतणारे हात कुठल्या भाषेत बोलतात ते खिडकीतून ऐकू येतंच.

आज बाजाराचं नाव इटालियनच आहे. गाळ्यांवर मात्र टोमॅटोशेजारी निवडुंगाची पानं आणि सुक्या मिरच्या दिसतील. सेंट थॉमस अक्वायनस चर्चमध्ये आता स्पॅनिश, व्हिएतनामी आणि इंडोनेशियन भाषेत मास होते. खुद्द १८५२चं ते पहिलं पॅरिश २००० साली बंद करून सेंट पॉलमध्ये विलीन केलं. सेंट पॉल हे मुळात आयरिशांचं.

तक्रार कधी सुरू करावी? तुमच्यानंतर ब्लॉकवर एक कुटुंब आलं की लगेच. जागा म्हणाल तर टाकेरियाची, म्हणजे मेक्सिकन टाकोच्या दुकानाची, रांग उत्तम. शनिवारी सकाळी बार्बाकोआच्या मांसासाठी तिथे वस्तीतले सगळे थर उभे असतात. ‘पूर्वीसारखं राहिलं नाही,’ असं मोघम हवेत सोडा. पुढचा इटालियन म्हातारा मान डोलावेल, त्याच्या मनात मेक्सिकन असतील. मागचा पुएब्लाचा माणूसही मान डोलावेल, त्याच्या मनात घरभाडं असेल. ते तुमच्यासारख्यांमुळे वाढलंय हे तो तोंडावर म्हणणार नाही. पंचवीस वर्षं इथे काढून तोही जुना झालाय, आणि नव्या लोकांशी कसं बोलावं हे त्याला कळतं.